रकाना क्रमांक अकरा

रात्री साडेनऊला, शारजात, रोल्याच्या एका खोलीत
चटईवरचं खरकटं पुसून
आम्ही तीन कागद पसरतो.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
इनाया झोपली आहे, तोंडात अजून खजुराचा चिकटपणा.
एजंट बिजू म्हणाला होता,
उद्या दुपारपर्यंत सांगा भाई,
परवा भाभींचा व्हिसा संपतोय.

कंपनीने माझा विमा उतरवलाय.
मी, माझी फोर्कलिफ्ट, रॅकवरची खोकी,
सगळं एकाच तारखेला.
घर मात्र ज्याचं त्याने उतरवायचं.

पहिला कागद स्वस्त.
इतका, की त्यातला जवळचा दवाखाना अजमानच्या पलीकडे,
जाण्यायेण्याच्या टॅक्सीत ताप आपोआप उतरावा.
तिसऱ्यावर एक कुटुंब हसतंय,
दातांचाही विमा असल्यासारखं.
त्याचा हप्ता मी मोठ्याने वाचत नाही,
ताहेराच्या बाजूला कागद सरकवतो फक्त.
उरला मधला.
शंभरातले वीस आपले, ऐंशी त्यांचे,
आणि खाली मुंग्यांची रांग.

"पापलेट घेताना कल्ले उघडून बघता ना," ती म्हणते,
"तसं बघा. बारीक अक्षर म्हणजे कल्ले."

सुपरमार्केटच्या पावतीच्या पाठीवर ती हिशेब मांडते.
भाड्याचे चार चेक,
शाळेची बस,
मंडणगडला अम्माच्या साखरेच्या गोळ्या,
भिशी.
भिशीवर ती काट मारते, परत लिहिते, परत मारते.

मग फॉर्म.
उंची, वजन, चष्मा, दमा,
मी भराभर नाही, नाही, नाही लिहीत जातो.
घरातलं माणूस निरोगी लिहिताना
किती पैसे वाचतात!
रकाना अकरा : यापूर्वीची गर्भारपणं.
इनाया, आणि तिच्याआधी एक, जे राहिलं नाही.
न विचारताच मी दोन लिहितो.

"तीन," ती म्हणते.

बादलीत एक थेंब पडतो. मग दुसरा.

"तुमची पहिली खेप होती तेव्हा.
तुम्ही गेलात आणि महिन्याने कळलं.
नववा आठवडा होता.
फुफू होती सोबत, सरकारी दवाखान्यात.
संध्याकाळी घरी आलो, भाकऱ्या केल्या."

मला का नाही सांगितलंस?

"तीन मिनिटांचं कार्ड असायचं तुमचं.
दोन मिनिटं अम्मा बोलायच्या."

मी आठवून बघतो, उरलेल्या एका मिनिटात
मी काय विचारलं असेन.
पत्रे बसवले का पडवीवर.
बहुतेक तेच.
पत्रे बसले, ती म्हणाली असेल.
आणि मी इकडे, बारा माणसांच्या खोलीत,
वरच्या बंकवर चढून
पत्र्यांवर पडणाऱ्या पावसाच्या विचारात
सुखाने झोपलो असेन.

फॉर्ममध्ये खाडाखोड चालत नाही,
चाललीच तर शेजारी सही लागते.
दोनावर रेघ मारून मी तीन लिहितो, सही करतो.
कागद तिच्याकडे जातो.
तिची सही लागत नाही तिथे,
तरी ती करते,
पूर्ण नावाची, सावकाश, रकान्याबाहेर जाणारी.
त्याचा दुसरा कुठलाच दाखला नाही,
ना ग्रामपंचायतीत, ना जमातीच्या वहीत.

"मधला घ्या," ताहेरा म्हणते.
त्यात बाळंतपण आहे, सहा महिने थांबून.
ते हवंय का, मी विचारत नाही,
ती सांगत नाही.
हप्ता चौदाशेने वाढतो.
पावतीवर भिशीला शेवटची काट बसते.
ती उठून बादली रिकामी करून येते.

दुसऱ्या दिवशी, रॅकमधून वाट काढत असताना, बिजूचा फोन :
भाई, अकरा नंबरला खाडाखोड कसली?
मागून कोणीतरी हॉर्न वाजवतं.
मोजायला चुकलो होतो, मी म्हणतो,
मी.